आढीसाठी बॅटरी

"औंदा आढी मीच घालणार हाय," मामी फोनवर म्हणाली आणि त्याच संध्याकाळी मी रत्नागिरीच्या एसटीचं तिकीट काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडावरून उतरवलेले हापूस गवताच्या थरांत ठेवून पिकवतात, ती आढी. रोज गवत बाजूला करायचं, तयार आंबा काढायचा, डागी फेकायचा, उरलेले पुन्हा झाकायचे. गवतात ऊब असते म्हणून उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे जनावर, म्हणजे साप, येतं. गेल्या मे महिन्यात लाईट गेलेली असताना मामा दिवेलागणीला मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू खोलीत, आढी बघायला गेला. त्याने गवतात हात घातला. घोणस होती. तिसऱ्या दिवशी मामा गेला.

मामीला मूलबाळ नाही, बिनलग्नाचा दीर मुंबईत. म्हणजे यंदा त्याच मांगरात, त्याच वेळेला मामी एकटी जाणार. कलमं खंडाने, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला, देऊन टाक असं मी वर्षभर सांगतोय आणि ती वर्षभर "बघू" म्हणतेय. कोकणात "बघू" म्हणजे नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर तरी कळायला हवं होतं. तेव्हा तिला अडवण्याचा नाद सोडून तिच्या हातात चांगला उजेड द्यायचा, एवढाच या प्रवासाचा हेतू होता. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की टॉर्च हा माझा आवडता विषय. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालायच्या बॅटरीला सेल. या लेखातही मी तसंच म्हणणार आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मामा जाण्याच्या आदल्या गणपतीत मीच त्याला एक बॅटरी दिली होती. चार्जिंगची, झगझगीत, ऑनलाइन सवलतीत घेतलेली. मामाच्या दिवसांना गेलो तेव्हा मामी सगळ्यांसमोर म्हणाली, "बॅटरी कपाटात व्हती. मीच ठेवलेली, गणपतीत पोरं येतील तेव्हा लागेल म्हणून." कोणाला नवल वाटलं नाही. आमच्या प्रत्येक घरात चांगल्या चादरी, कपबश्या, स्टीलचा नवा डबा चाकरमान्यांसाठी कपाटात असतो आणि घरची माणसं टवका उडालेल्या कपातून चहा पितात. पुण्याला परतल्यावर मी त्यावर एक पोस्ट लिहिली, "चांगली वस्तू कपाटात ठेवू नका". माझी सर्वात जास्त वाचली गेलेली पोस्ट तीच. मामीचं नाव मी घातलं नव्हतं, नुसतं "माझी मामी" लिहिलं होतं. मला मामी एकच आहे.

पहिला दिवस

स्वारगेटहून सकाळी सहाची गाडी. कराडवरून मलकापूर आणि मग आंबा घाट. वेळ नऊ तास धरा, दहा लागले तर रागावू नका. घाटाच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याचं काम चालू आहे, खिडकी उघडी ठेवलीत तर उतरताना केस लाल होतात. मलकापूरला गाडी जेवायला थांबते. तिथली भजी गरम असतील तरच घ्या, मी घेतलेली गरम नव्हती. साखरप्यानंतर हवा बदलते, शर्ट पाठीला चिकटायला लागतो आणि हातखंब्याला वळलं की आलोच असं वाटतं, पण अजून अर्धा तास असतो.

गावाकडची शेवटची एसटी चुकली. मांडवीला एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली, पंखा चालणारी आणि बादली गळणारी, सातशे रुपये. संध्याकाळी जेट्टीवर जाऊन बसलो. भेळवाले, फुगेवाले, पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुली, सगळं नेहमीसारखं होतं. मामा मला लहानपणी इथे आणायचा आणि काळोख पडला की लांबचं दीपगृह दाखवून म्हणायचा, "बघ, ह्येला म्हणतात बॅटरी." मला तिथे फार वेळ बसवेना. लवकर खोलीवर आलो.

दुसरा दिवस

सकाळची गावची एसटी स्टॅण्डवरून साडेसातला सुटते आणि पाऊण तासात फाट्यावर सोडते. फाट्यापासून वाडीपर्यंत रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे दीपक. मामाचा शेजारी. त्या संध्याकाळी मामाला जीपमध्ये उचलून घालणाऱ्यांत तो होता.

"तुमचं ते लिवलेलं वाडीच्या ग्रुपवर आलं व्हतं," तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "मी वाचून दाखवला सगळ्यांना. एकदम बरोबर लिवलंत."

"मामीलापण?"

"तिला तर आधी. वाईट नका वाटून घेऊ, मामी माणूस चांगला, पण साठवायची खोड वाईट. आमची आये तर तोंडावर बोलली, बाई गो, तुझ्या कपाटानी घो खाल्लान तुझा."

घो म्हणजे नवरा. मामी वर्षभर हे ऐकत होती आणि ऐकवणाऱ्यांच्या हातात शब्द मी दिले होते. तरी आत कुठेतरी, हे लिहिताना लाज वाटते, मला तेव्हाही थोडं बरंच वाटत होतं. निदान बॅटरी माझी चांगली होती. वापरली असती तर मामा वाचला असता, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो होतो.

मामी ओट्यावर गवत झाडत बसली होती. दुसऱ्या तोडीच्या आढीसाठी. "आलास, नंदू? एसटीन आलास काय? हात-पाय धू, जेवाण तयार हाय." कुळथाची पिठी, भात, भाजलेला बांगडा. ती बारीक झाली आहे. मी जेवत असताना समोर बसून राहिली आणि माझ्या पोरांची परीक्षा, बायकोचं दुखणारं मनगट, सगळं एकेक विचारून घेतलं. स्वतःबद्दल विचारलं की "माझा काय, हाय तशी हाय."

दुपारी मांगरात गेलो. दार बुटकं, खिडकी एकच, तीही गवताने अर्धी झाकलेली. भर दुपारी आत जमीन दिसत नव्हती. मी मोबाइलचा दिवा लावून बघितला. पांढऱ्या उजेडात गवत, माती, सुंभाचा तुकडा, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसत होतं. पायाखाली दोरी आली आणि मी मोठ्याने ओरडलो. मामी दाराशीच उभी होती. हसली नाही.

घरी परत आल्यावर म्हटलं, कपाटातली ती जुनी बॅटरी दे, उद्या शहरात दाखवतो, सेल तरी कामाला येईल.

"ती कशाला नेतंस?" मामी एकदम म्हणाली. "ऱ्हाऊ दे ती."

मी ऐकलं नाही. कपाटात वरच्या खणात, खोक्यातच होती. पुसलेली, स्वच्छ.

तिसरा दिवस

बॅटरी घ्यायला मी मॉलमध्ये जात नाही, दुरुस्तीच्या दुकानात जातो. रत्नागिरीच्या बाजारात भाटकरांचं असं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर वायरी. भाटकर वीसेक वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. त्यांना मी सांगितलं की म्हातारी नाही पण एकटी बाई आहे, अंधाऱ्या खोलीत गवत चाळायचं आहे, जनावराचं भय आहे.

"मग हातात धरायची पहिली नकोच," ते म्हणाले. "एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातानी गवत, मग काठी कोण धरणार? कपाळाला बांधायची द्या."

तिथून तासभर शिकवणीच झाली. आजवर मी लुमेनचे, म्हणजे उजेड किती त्याचे, आकडे वाचून बॅटऱ्या घेत आलो. भाटकर बॅटरी लावून कोपऱ्यातल्या वायरींच्या ढिगावर धरायचे आणि विचारायचे, "तांबडी कुठली, चॉकलेटी कुठली?" निळसर पांढऱ्या उजेडात मला सांगता येईना. पिवळसर उजेडाच्या बॅटरीत चटकन दिसली. ती खोक्यावरच्या आकड्यात निम्मी होती. लांब झोताची बॅटरी बोटीवर किंवा रानात ठीक, घरात आणि गवतात पसरट उजेड हवा, कारण झोताच्या बाहेर काय आहे ते झोत लपवतो. आणि सेल असे हवेत की वेळेला वाडीच्या दुकानातही मिळतील. म्हणून त्यांनी पेन्सिल सेलच्या मापाचे चार्जिंगचे सेल दिले. हे महिनोन्‌महिने पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. दोन सेट घ्या, एक बॅटरीत, एक डब्यात. सेलवर घेतल्याचा महिना लिहा आणि नवा-जुना एकत्र घालू नका. चार्जर असा घ्या की प्रत्येक सेल वेगळा भरेल. कपाळाची एक, हातातली एक, चार्जर आणि आठ सेल मिळून अडीच हजारांच्या आत बसलं.

मग मी जुनी बॅटरी पुढे केली.

भाटकरांनी मागचं झाकण फिरवून सेल तळहातावर घेतला आणि तिथेच त्यांचा चेहरा बदलला. छोट्या काट्यावर ठेवला. "या मापाचा चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा बघा."

सव्वीस.

"छापलंय नऊ हजार नऊशे एमएएच, म्हणजे एवढा चार्ज मावतो म्हणे. या मापात आज साडेतीन हजाराच्या आसपास मिळतात, त्याच्या वर आकडा दिसला की दुकानातून उठायचं. आत लहानसा सेल आणि बाकी भरताड. कापून बघू नका, पेटतो. दोन-तीन तासांनी या, भरून-रिकामा करून आकडा काढून ठेवतो."

मी मांडवीला जाऊन सुरमईची थाळी मागवली आणि अर्धी टाकली. परत आलो तेव्हा भाटकरांनी आकडा कागदावर लिहून ठेवला होता. चारशेसाठ. "तुमच्या या बॅटरीच्या मोठ्या उजेडावर दहा मिनिटं. तीही नवीन असताना. आणि हळूहळू मंद होत नाही, एकदम मिट्ट. खरेदी कुणाची?"

"माझी."

"आणि वापरत कोण होतं?"

"कोणीच नाही. कपाटात होती."

भाटकरांनी झाकण माझ्यासमोर धरलं. आट्यांमध्ये तांबडी माती बसली होती, घट्ट, पुन्हा पुन्हा फिरवून बसते तशी. चार्जिंगच्या रबराखालून त्यांनी सुईने गवताचं एक कुसळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"वरून पुसलीय कोणीतरी," ते म्हणाले. "पण ही कपाटातली नाही हो. वापरातली आहे."

चारच्या एसटीत उभा राहून गावी गेलो. खिशात कागद होता आणि कुसळ मी त्याच कागदात गुंडाळलं होतं. का गुंडाळलं ते माहीत नाही.

दिवेलागणीला मामीने देवाला दिवा लावला आणि म्हणाली, चल, तुझी नवी बॅटरी दाखव. मी तिच्या कपाळावर पट्टा बांधला, तिला गमबूट घालायला लावले, हातात वेताची लांब काठी दिली. आधी काठीने गवत उचलायचं, मग बघायचं, मग हात. मांगरात शिरल्यावर पिवळसर उजेड भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला. पहिल्या तोडीचे आंबे गवतात चांगले दिसत होते. मामीने दोन-तीन थर काठीने उचलून बघितले.

"मामी, बॅटरी कपाटात नव्हती ना?"

ती वळली नाही. उजेड गवतावर एका जागी थांबला.

"कोण बोललं?"

"कोणी नाही. आत माती आहे."

"वरून पुसली व्हती मी," ती म्हणाली. "आतलं मला कुठं ठाव."

मग आंबे चाळता चाळताच तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"दुपारी चार्जिंगला लावली व्हती ह्यांनी. हिरवा दिवा लागला तवाच काढलीन. मी म्हटलं, कंदील न्या. म्हणाले, नंदूची बॅटरी हाय, कंदील कशाला. सकाळी आंब्याचा टेम्पो येणार व्हता. हितं आले, थोडे आंबे काढलेन आणि बॅटरी विझली. थोडेच राहिले व्हते म्हणून तसाच हात घातलान."

"मग कपाटाचं कोणी काढलं?"

"ह्यांनीच. जीपमधी माझा हात धरलान. म्हणाले, बॅटरी विझली ता नंदूला सांगू नको, पोराच्या जिवाला लागंल. मी म्हटलं, मग काय सांगू? म्हणाले, कपाटात व्हती म्हणून सांग. सगळ्यांच्या घरात तसाच आसतं, कोण परत इचारणार नाय."

आणि खरंच कोणी विचारलं नाही. मी तर सर्वात आधी विश्वास ठेवला.

"मी ते सगळं लिहिलं, मामी. लोक वर्षभर तुला बोलतायत. तेव्हा तरी सांगायचंस."

"बोलू दे. बोलण्यानी मी मरत नाय." तिने एक आंबा हातात घेऊन देठाकडे दाबून बघितला आणि टोपलीत ठेवला. "तुला कळलं असतं तर तू काय केला असतास ता मला ठाव नव्हतं."

मी तिथे गवतावर बसून रडलो. मामीने मला उठवलं ते एवढ्यासाठीच की गवतावर बसू नये. घरी आल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर उचलून धरलं. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्यावरच टांगतात, त्याखाली गेल्या वर्षीचं होतं. मामा गॅस, दूध, गाईचं लागणं, सगळं त्यावर लिहायचा. दर पंधरवड्याला एका चौकोनात बारीक अक्षरात होतं, "बॅ. चार्ज". शेवटचं मे महिन्याच्या पानावर, त्या दिवशीच्या चौकोनात. पंधरा दिवसांनी एकदा चार्ज कर, मग बघायलाच नको, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने एकही पंधरवडा चुकवला नव्हता.

"मी हे लिहू का?" मी विचारलं.

मामीने कॅलेंडर पुन्हा सरळ टांगलं. "मी शबूद मोडला नाय," ती म्हणाली. "तू तुझा ओळखलास. त्याला मी काय करू?"

चौथा दिवस, आणि घर

परतीला सकाळी आठची गाडी मिळते, त्यासाठी गावातून पहाटे निघावं लागतं. दीपक रिक्षा घेऊन आला. मी त्याला वाटेत काही सांगितलं नाही. तोंडाने सांगायला लागलो असतो तर स्वतःला थोडं सांभाळून घेतलं असतं, एवढं मी मला ओळखतो. मामीने पिशवीत बारा आंबे दिले होते, त्याच आढीतले. घाटात उतरून पाणी प्यायलो, बाकी काही खाल्लं नाही. पुण्यात पोचेपर्यंत आंब्यांचा वास अख्ख्या गाडीला लागला होता.

घरी आल्यावर ड्रॉवरमधले सगळे सेल काट्यावर ठेवले. तीन हलके निघाले, ते ई-कचऱ्यात दिले. तुम्हीही आज ठेवून बघा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. रोज संध्याकाळी सात-सव्वासातला मामीचा मिस्ड कॉल येतो, म्हणजे ती आढीतून सुखरूप घरात आली. तो येईपर्यंत मी कुठेही असलो तरी दुसरं काही करत नाही. हे आंबे संपेपर्यंत चालेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

जुनी पोस्ट मी पुसलेली नाही. पुसली तर सुटलो असं होईल. तिच्या डोक्यावर या लेखाची लिंक टाकली आहे आणि हा लेख सर्वात आधी दीपकला पाठवतोय. दीपक, ते वाचून दाखवलंस तसं हेही वाडीत वाचून दाखव, तुझ्या आईला तर आधी. माझ्या मामीने बॅटरी कपाटात ठेवली नव्हती. बॅटरी मामाच्या हातात होती, चार्ज केलेली, आणि ती मी दिली होती.